जाड शेवया

"माडीवरचा पोरगा तो तुम्हीच का?" चाचांनी विचारलं आणि मी "हो" म्हणून बसलो. झालं ते एवढंच. रविवारची सकाळ, झेंडीगेटच्या आतल्या गल्लीतलं हिरव्या पडद्यामागचं दुकान, मी हातात पिशवी घेऊन उभा, वय वर्षं एकतीस, कचेरीत टायपिस्ट, डोक्यावरचे केस विरळ व्हायला लागलेले, आणि तराजूमागचा पांढऱ्या दाढीचा म्हातारा मला पोरगा म्हणतोय. "आक्काबाई दर शनिवारी येते. चार साल झाले. दोन नळ्या, अर्धा किलो पायाचं. म्हणते, चाचा, चांगलं द्या, माझ्या माडीवरच्या पोराच्या अंगात रक्त भरायचंय. मी म्हणतो, आक्काबाई, अजून किती भरता?" ते स्वतःशीच हसले आणि हसता हसता त्यांनी नळी ओंडक्यावर ठेवून सत्तूर घातला. माझ्या कोपरापासून मनगटापर्यंत भरेल एवढी ती नळी होती. "हे मोठ्या जनावराचंच ना?" मी विचारलं. आता हे विचारायची काही गरज होती का? पडद्याच्या बाहेर उभं राहूनसुद्धा आंधळ्याला कळलं असतं. "मग काय बकऱ्याचं?" चाचा म्हणाले, "आन या साली माल कमी नाही बघा. दुष्काळ ना, साहेब." साहेब म्हणाले ते बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचाच राग आला. पैसे देऊन मी पिशवी अंगापासून लांब धरून चालायला लागलो.

म्हातारीनं मला फसवलं. माळीवाड्यापर्यंत मी हे एकच वाक्य पावलागणिक म्हणत होतो. चार वर्षं दर शनिवारी खाली बोलवायचं, समोर वाटी ठेवायची, "सूप घे" म्हणायचं. सूप! हा शब्दही त्यांनी दवाखान्यातून आणलेला. आक्काबाई मिशनच्या दवाखान्यात तीस वर्षं नर्स होत्या, लग्न केलं नाही, रविवारी पांढरं पातळ नेसून देवळात जायच्या, म्हणजे त्यांच्या, घंटेच्या देवळात. मी त्यांच्या माडीवरच्या खोलीत भाड्यानं राहतो. त्यांच्या घरी तसबिरी कोणाच्या आणि माझ्या घरी कोणाच्या यावरून आमचं कधी काही झालं नाही. भांडण व्हायचं ते जिन्यातल्या दिव्यावरून. मी तो चालू ठेवतो, त्या बंद करतात. आता पाच दिवस दिवा जळतच होता, कारण बंद करणारी बाई खाटेवर पडून होती. ताप उतरला होता, छातीतली घरघरही कमी झाली होती, पण पोटात काही जात नव्हतं. पेज लावली, तोंड फिरवलं. दूध, तोंड फिरवलं. काल डॉक्टर जिन्यात मला हळूच म्हणाले, "औषधाचं काम झालंय. आता खाल्लं तर उठतील, नाहीतर काही खरं नाही. वय आहे." मी आत जाऊन त्यांच्या कानाशी वाकलो आणि काय हवं म्हणून विचारलं. मग डोळे न उघडताच म्हणाल्या, "पेटीतलं दे. झेंडीगेट... हिरवा पडदा."

तर हे असं. ज्या बाईवर मी रस्ताभर दात खात होतो तिच्याचसाठी पिशवीत नळ्या घेऊन चाललो होतो. आक्काबाई गेल्या तर मला या गावात कुणी "अरे" म्हणणारं माणूस राहत नाही, हेही मला चालता चालता कळत होतं. भीती वाटली. चांगलीच वाटली. म्हणून पुन्हा रागाकडे वळलो. राग बरा असतो, त्याला धरून चालता येतं.

पेटी म्हणजे चहाचं जुनं खोकं. आतून घोंगडीचा तुकडा ठोकलेला, त्यात गव्हाचा भुसा दाबून भरलेला, मधोमध पातेल्याच्या मापाचा खळगा, आणि वरून झाकायला भुशाचीच भरलेली गादी. लढाईच्या दिवसांत रॉकेल मिळेना, तेव्हा दवाखान्यातल्या मडमेनं ही युक्ती सगळ्या नर्सना शिकवली. पातेलं स्टोव्हवर पाऊण तास खळखळून उकळायचं, झाकणावर फडकं बांधायचं, आणि तसंच्या तसं भुशात पुरायचं. मग दिवसभर ना जाळ, ना धूर. आतली ऊब आतच राहते आणि आतल्या आत शिजत जातं. मडम गेली, लढाई संपली, आणि खोकं आक्काबाईच्या स्वयंपाकघरात कोपऱ्यात राहिलं. दोनच नियम. पेटी मधे उघडायची नाही. आणि मीठ शेवटी, चाखून घालायचं. "उघड्या पातेल्यात पाणी आटतं, इथं आटत नाही. अंदाज चुकतो. जिभेनं बघायचं," त्या सांगायच्या. मला कशाला सांगायच्या? मी कुठे स्वयंपाक करणार होतो? पण मी आजारी होतो आणि त्या बोलत होत्या, आणि आजारी माणसाला लोक काहीही सांगतात.

कांदा चिरला, आलं ठेचलं, मिरी, चार लवंगा, दालचिनीचा तुकडा. पाण्याला उकळी आली तसा वर करडा फेस जमायला लागला आणि मी तो पळीनं काढत राहिलो. स्टोव्हचा आवाज, त्यावर उकळीचा आवाज. पलीकडच्या खोलीतून आक्काबाईंचा श्वास. फेस काढता काढता वास बदलला आणि तो वास मला ओळखीचा निघाला. निघणारच. नव्हे, वास आधी आला आणि त्याच्या मागून ती खोली आली, चार वर्षांपूर्वीची, श्रावणातली, फुफ्फुसात पाणी झालं होतं तेव्हाची. मी माडीवर भिंतीकडे तोंड करून पडलेला, बरगड्या मोजता येतील असा. गावाहून आई आलेली. आमचं गाव पाथर्डीच्या पलीकडे, कोरडं ठणठणीत, तिथून एस.टी.नं एकटी आली होती झुंबरबाई, आयुष्यात पहिल्यांदा. आठ दिवस राहिली. तीन दगडांची चूल गच्चीवर मांडून स्वतःची भाकरी स्वतः भाजायची. आक्काबाईंच्या घरचं पाणीसुद्धा घेतलं नाही. "बाई चांगली हाय," मला म्हणायची, "पर आपलं न्हाई." माझ्या उशाशी बसून अंगारा लावायची. मी भाकरीचा तुकडा तोंडात घ्यायचो आणि तो तसाच बाहेर यायचा. मग एके दिवशी ती गावी परत गेली, आणि संध्याकाळी आक्काबाई वाटी घेऊन वर आल्या. त्या पहिल्या घोटानं मला घाम फुटला, आणि मी झोपलो. सोळा तास झोपलो म्हणतात.

पाऊण तास झाला. पातेलं भुशात पुरलं, गादी दाबली, वर पाटा ठेवला. सकाळचे नऊ. आता संध्याकाळपर्यंत काही काम नाही. आक्काबाईंना दोन चमचे पाणी पाजलं, तेही गालावरून ओघळलं. मी पेटीशेजारी जमिनीवर बसलो. उन्हं अजून दारातच होती तरी हवेतलं पाणी संपल्यासारखं झालं होतं. या साली उन्हाळा शिमग्याच्या आधीच आला. नळाला एक दिवसाआड पाणी, गावाकडे तेही नाही. गावातले सगळे खडी फोडायला गेलेत, माझा थोरला भाऊ भिमाजीही. दिवाळीत तो आला होता, रेशनच्या लाल मिलो ज्वारीची भाकरी बांधून. बैल विकले म्हणाला. "पाखऱ्यापन?" "पाखऱ्यापन. वैरन न्हाई, पानी न्हाई, दावनीला मारायचा का?" बरोबर होतं. व्यापारी म्हणाला होता, खानदेशात नेतो, तिकडं रान हिरवं हाय, जुपायला बैल लागत्यात. आईनं पाखऱ्याच्या कपाळाला कुंकू लावलं, भाकरीचा तुकडा भरवला आणि व्यापाऱ्याला विचारलं, "तिकडं पानी हाय ना?" तो म्हणाला, "लई पानी." आईनं मान हलवली. भिमाजीनं मान हलवली. हे ऐकून मीही हलवली. तिघांनाही ठाऊक होतं की जिथं माणसांना पाणी नाही तिथून शिंगं झिजलेला बैल कुणी जुपायला नेत नाही. "या साली माल कमी नाही," चाचा म्हणाले होते. ताकाला जाऊन भांडं लपवावं ते आमच्या घराण्यानंच.

पाखऱ्याच्या पुढच्या उजव्या पायावर गुडघ्याखाली एक गाठ होती. शाळेच्या शेवटच्या वर्षांत मी ती चोळायचो. पोळ्याला त्याचे खूर धुवायचो, गेरू लावायचो, आणि त्या गाठीवर पिवळा ठिपका द्यायचो, तिला नजर लागू नये म्हणून. गाठीला कोण नजर लावणार? पण द्यायचो. नळीवर गाठ होती का सकाळी? मी पाहिली होती का नीट? पाखऱ्या दिवाळीत गेला आणि आता फाल्गुन. वेड्या, शक्य तरी आहे का? नाही शक्य. तरी एकदा मनात आलं ते जाईना. ऊन दारातून आत सरकलं, पेटीच्या पाट्यावर आलं. भुशाला उन्हाचा वास असतो, खळ्यावरचा. डोळे मिटले की मी खळ्यावर होतो, पाखऱ्या मेढीभोवती फिरत होता, मी त्याच्या मागं मागं, आणि कुठंतरी आतल्या आत मंद गदगद गदगद चाललं होतं. ते पेटीतलं की त्याच्या पोटातलं हे मला झोपेत ठरवता येत नव्हतं. पाखऱ्या थांबायचा आणि मागं वळून बघायचा. नुसता बघायचा, बाकी काही नाही.

दचकून उठलो तेव्हा दोन वाजले होते. आणि मी पाटा काढला, गादी काढली, झाकण उघडलं. नियम ठाऊक असून उघडलं. वाफ तोंडावर आली. पळीनं नळ्यांचे तुकडे एकेक करून वर उचलून पाहिले, ही बाजू, ती बाजू. गाठ नव्हती. साधी, गुळगुळीत, कोणत्याही बैलाची नळी. पळी हातात धरून मी तिथंच बसून राहिलो, आणि तेव्हा मला खरं ते आठवलं. आठवलं म्हणजे काय, मी ते कधी विसरलोच नव्हतो, फक्त त्याच्यावर गादी दाबून पाटा ठेवला होता. मी याआधीही पेटी उघडली होती. आजारातून उठून भिंत धरत जिना उतरलो होतो तो दुसरा की तिसरा आठवडा. आक्काबाई देवळात गेल्या होत्या. वासानं राहवेना म्हणून इथंच, असाच बसून, मी झाकण काढलं आणि नळी पाहिली. अहो, शेतकऱ्याचं पोर मी! बकऱ्याची नळी कुठली आणि बैलाची कुठली हे मला कळत नाही? कळलं. तत्क्षणी कळलं. झाकण लावलं, गादी दाबली, माडीवर जाऊन पडलो. संध्याकाळी आक्काबाई वाटी घेऊन आल्या आणि मी पालथ्या हातानं तोंड पुसून सगळी वाटी प्यालो. पुन्हा मागितलं. मला जगायचं होतं. एवढंच होतं त्याच्यात, मला फार जगायचं होतं. आणि त्यानंतर चार वर्षं मी मांजरासारखे डोळे मिटून पीत राहिलो, आणि आज सकाळी भर रस्त्यात "म्हातारीनं फसवलं" म्हणत चाललो. शाब्बास रंगनाथ.

पातेलं गार होत चाललं होतं. तुकडा दाबून पाहिला, चिवट. माझ्या त्या उघडण्यानं म्हातारीचा घास आणखी लांबला. शेजारची रतनबाई दोन लोटे पाण्यासाठी डोकावली, "काय म्हंत्यात बाई?" म्हणाली, खाटेजवळ जाऊन आली आणि पदरानं डोळे पुसत गेली. ते पाहून मी उठलो. स्टोव्हला पंप मारला, दोन काड्या वाया गेल्या. पुन्हा अर्धा तास खळखळून उकळलं, पुन्हा भुशात पुरलं, आणि या खेपेला मी पेटीवर स्वतःच बसलो. हो, चढून बसलो. कोणी पाहिलं असतं तर वेड्यात काढलं असतं. खालून ऊब येत होती. देवा, म्हटलं, कुठल्याही देवळातल्या, हिला घास जाऊ दे. आम्ही खोटारडे आहोत, पण हिला घास जाऊ दे.

दिवेलागणीला झाकण काढलं. मांस नळीपासून सुटून आलं होतं, वर सोनेरी तवंग. फळीवरून आईचा डबा काढला. आजारातून उठलो तेव्हापासून दर उन्हाळ्यात ती शेवयांचा डबा पाठवते. यंदा गहू कुठला, तरी डबा आला, माघातच आला, अर्धाच भरलेला. भिमाजीबरोबर निरोप होता, "घरातलं सरतं गहू हुतं, त्याच्या केल्यात. आक्काबाईला दे." मी लहान होतो तेव्हा आईच्या शेवया सगळ्या गावात नावाजलेल्या, केसासारख्या बारीक, लग्नघरी तिला पाटावर बसायला बोलावणं यायचं. आणि या डब्यातल्या मात्र जाड, ओबडधोबड, सुतळीसारख्या. आईचे हात थकले असं मला पहिल्या वर्षी वाटलं आणि वाईट वाटलं. तिनं माळ घातली तीही त्याच वर्षी. जत्रेतलं मटण सोडलं, अंडं सोडलं, कांदा-लसूणसुद्धा एकादशीला वर्ज्य. माझ्यासाठी नवस बोलली असेल, म्हटलं. मी उठलो म्हणून. शेवया मोडून पातेल्यात सोडल्या आणि पेटीत परत ठेवल्या, त्यांच्यापुरती वीस मिनिटं. मग मीठ.

इथं अडलो. चमचा पातेल्यात घातला, वर आणला, ओठांपर्यंत आणला आणि हात पुढं जाईना. चार वर्षं वाट्याच्या वाट्या रिचवल्या, पण त्या कुणीतरी दिलेल्या होत्या. हे मी माझ्या पायांनी जाऊन आणलेलं, माझ्या हातांनी शिजवलेलं, नाव घेऊन मागितलेलं. आता डोळे मिटायला जागाच नव्हती. चमचा खाली ठेवला. अंदाजानं मीठ टाकलं, ढवळलं, वाटी भरून आत नेली.

पाठीशी उशी देऊन बसवलं तर किती हलक्या झाल्या होत्या! पहिला चमचा ओठांना लावला. ओठ मिटलेले. मी थांबलो. मग नाकपुड्या हलल्या, आणि तोंड उघडलं. गिळलं. दुसरा चमचा. गिळला. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते मी खांद्याला पुसत होतो. तिसऱ्या चमच्याला त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि पाच दिवसांनी पहिलं धड वाक्य बोलल्या.

"मीठ कमी आहे. चाखलं नाहीस?"

"नाही."

"का रे?"

वाटीतल्या शेवयांकडे बघत राहिलो.

"मोठ्याचं म्हणून?" त्या थकल्या आवाजात म्हणाल्या. "आज कळलं होय तुला? त्या रविवारी पेटी उघडली होतीस ना, मी देवळात गेले तेव्हा? संध्याकाळी सूप कोमट होतं. तीस वर्षं भांडं धरलंय मी, मला कळत नाही? म्हटलं, आता हा वाटी फेकतो की पितो ते बघू. प्यालास. पुन्हा मागितलंस. मग मी कशाला बोलू?"

"तुम्ही मला आधी सांगायला हवं होतं," मी म्हणालो. आवाज लहान मुलासारखा निघाला.

"सांगणार होते. तुझ्या आईनं शपथ घातली."

"माझ्या आईनं?"

"तिला न विचारता देईन मी? जिन्यात बसली होती. म्हटलं, झुंबरबाई, डॉक्टरांनी आशा सोडलीय. माझ्याकडे एक करून बघण्यासारखं आहे, पण ते तुमच्यात चालत नाही. देऊ का?" त्यांना धाप लागली. मी पाणी पुढं केलं, त्यांनी हातानं बाजूला केलं. "पदर तोंडावर घेऊन किती वेळ बसली. मग म्हणाली, मला त्याचं नाव सांगू नका. त्याला बी सांगू नका. पाप लागायचं तर मला लागू द्या, पन पोरगं उठलं पायजे. आणि दुसऱ्या दिवशी गावी निघून गेली. बघवलं नसतं तिला. निघताना मात्र मला विचारते, त्यात शेवया चालत्यात का? म्हटलं, चालतील, पण जाड हव्यात. बारीक विरघळून जातात."

मी वाटीत बघत होतो. गावात जिच्यासारख्या बारीक शेवया कुणाला जमत नाहीत ती बाई चार वर्षं माझ्यासाठी मुद्दाम जाड शेवया करत होती. घराला पुरेसा गहू नसताना केल्या होत्या. आणि मटण सोडलं होतं तिनं, मी खात होतो म्हणून.

"आता रडत बसणारेस का?" आक्काबाई म्हणाल्या. "मीठ घाल. अंदाजानं नको, चाखून घाल. मला पुरं खायचंय."

मी स्वयंपाकघरात गेलो. पातेल्यातला चमचा उचलला, शेवया आणि मांसाचा तुकडा दोन्ही त्यात घेतले आणि तोंडात घातले. डोळे उघडेच होते. मीठ खरंच कमी होतं. चिमूटभर घातलं, ढवळलं, पुन्हा चाखलं. मग दोन वाट्या भरल्या आणि दोन्ही घेऊन बाहेर आलो. आक्काबाईंनी आपली संपवली, मी माझी. आईच्या शेवया नीट चावून खाव्या लागल्या. त्या जराही विरघळल्या नव्हत्या.